पेडण्याचे वार्तापत्र : पाहुणचारात आलेले वायफाय

पेडणे : गोव्याच्या उत्तर टोकाच्या या तालुक्यात खोली घ्यायला आलेला पाहुणा पाणी आणि विजेच्या बरोबरीने वायफायची चौकशी करतो. तेरेखोल आणि शापोरा या नद्यांमधल्या केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या किनाऱ्यांवर परदेशी पर्यटक पूर्वीपासून दीर्घ मुक्काम करत आले आहेत. २०२० च्या टाळेबंदीनंतर लॅपटॉपवर नोकरी करणारे मुंबई-पुण्याचे लोकही येऊन राहू लागले. मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि ही ये-जा आणखी सोपी झाली.

महाराष्ट्रातून येणाऱ्याला फोनच्या बाबतीत येथे काही बदलावे लागत नाही. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच परिमंडळ आहे. तरी डोंगरउतारावरच्या वाड्यांत सिग्नल तुटतो. टॉवर वाढवणेही सोपे नाही, कारण गोव्यातल्या अनेक गावांनी त्यांना विरोध केला आहे. म्हणून येथील हॉटेलांची भिस्त फायबरच्या जोडणीवर आणि आवारातल्या वायफायवर असते.

आवारात खरी अडचण भिंतींची असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर पोचतात, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, मात्र भिंत आडवी आली की त्या लवकर क्षीण होतात. जाड चिऱ्याच्या जुन्या घराचे गेस्ट हाऊस केले, की रिसेप्शनवरचा एकटा राउटर मागच्या खोल्यांना पुरत नाही. दोन-तीन खोल्यांमागे एक ॲक्सेस पॉइंट बसवून तो तारेने मुख्य राउटरला जोडणे, हाच त्यावरचा पक्का उपाय. समुद्राच्या खाऱ्या हवेत धातूचे जोड गंजतात, त्यामुळे बाहेरची उपकरणे बंद पेटीत ठेवावी लागतात. किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या झोपड्या आणि शॅक पावसाळ्यापूर्वी उतरवले जातात, तेव्हा दर हंगामात तारा नव्याने ओढणे आले.

पाहुण्याला वायफाय सुरू करताना मोबाइल क्रमांक आणि ओटीपी का मागतात, याचे कारण सुरक्षेत आहे. २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी नवी मुंबईतील एका घराचे खुले वायफाय वापरून ईमेल पाठवला होता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याचे निर्देश दिले. भारतीय क्रमांक नसलेल्या परदेशी पाहुण्याकडे हा ओटीपी पोचत नाही, म्हणून त्याला पासपोर्ट पाहून रिसेप्शनवरूनच प्रवेश देण्याची सोय ठेवावी लागते. त्याच्या मुक्कामाची माहितीही २४ तासांत ऑनलाइन कळवणे बंधनकारक असल्याने छोट्या खोलीमालकालाही इंटरनेटवाचून गत्यंतर नाही.

धंद्याचा बाकी व्यवहारही फोनवर आला आहे. खोलीचे आरक्षण, पाहुण्याशी निरोपानिरोपी, क्यूआर कोडवरचा मेनू, यूपीआयने भरलेले बिल, सारे त्याच जोडणीवर चालते. एकच खोली अनेक संकेतस्थळांवर मांडलेली असताना इंटरनेट बंद पडले आणि नोंद वेळेवर बदलली नाही, तर ती दोघांना दिली जाण्याचा धोका असतो. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून राउटर आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरवर हवी. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे : पाहुण्यांचे नेटवर्क आणि कार्यालयाचे नेटवर्क वेगळे असावे. एकाच पासवर्डवर दोन्ही चालवले, तर बिलांची आणि पासपोर्टांची माहिती अनोळखी उपकरणांच्या आवाक्यात येते.

मोरजी आणि आश्वे येथे किनाऱ्यालगत बसून काम करण्याच्या जागा उभारण्याचा मनोदय राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केला होता. मात्र पेडण्याच्या पर्यटनाचा रोजचा भार छोट्या गेस्ट हाऊसवर आहे, आणि पाहुणा टिकतो तो तिथल्या भरवशामुळे. तेव्हा मालकांनी जाहिरातीत नुसते ‘फ्री वायफाय’ न लिहिता खोलीत मिळणारा वेग आणि वीज गेल्यावरची सोय लिहावी. कामासाठी येणाऱ्यानेही पैसे भरण्यापूर्वी नेमके हेच दोन प्रश्न विचारावेत.