एका सिस्टरमागे पेशंट किती? नर्सेसच्या संपामागचं गणित

लोकलच्या गर्दीत ज्यांना हेडफोन काढणंही जमत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. नेहमीप्रमाणे थोडा आवरून दिलाय.

जुलै 2025 मध्ये राज्यभरातल्या सरकारी नर्सेस आझाद मैदानात बसल्या होत्या. हाक महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेची होती आणि 18 जुलैपासून संप बेमुदत झाला. त्याआधी मे 2022 मध्येही त्यांनी काम बंद ठेवलं होतं, बाहेरच्या एजन्सीमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीच्या विरोधात. आपल्या फोनवर बातमी काय आली? ‘शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, रुग्णांचे हाल.’ तेही खरंच. पण मागण्यांच्या यादीत पगारातल्या त्रुटींच्या शेजारी एक ओळ असते: रिक्त पदं कायमस्वरूपी भरा. आज फक्त त्या ओळीबद्दल बोलू, कारण तिचा संबंध थेट पेशंटच्या जिवाशी आहे.

‘एकास तीन’ म्हणजे नेमकं काय?

भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष सांगतो की मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात साध्या वॉर्डला 3 खाटांमागे 1 नर्स हवी. ऐकून वाटतं, वा, एका सिस्टरकडे तीनच पेशंट! तसं नाहीये. हा हिशोब एकूण पदांचा आहे. दिवसात पाळ्या तीन: सकाळ, दुपार, रात्र. म्हणजे प्रत्यक्ष वॉर्डात एका नर्सकडे 9 पेशंट. निकष पूर्ण पाळला तरी 9.

आता कागदावर मांडू. 60 खाटांचा वॉर्ड धरा. 60 भागिले 3, झाली 20 पदं. रजा आणि आजारपणासाठी निकषातच 30 टक्के जादा धरलेत, म्हणजे आणखी 6. एकूण 26. रोज 20 जणी हजर, प्रत्येक पाळीला साधारण 6 ते 7.

समजा यातली 8 पदं रिकामी आहेत. (हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय.) उरल्या 18. रजा, सुट्ट्या वजा केल्या की रोज हजर साधारण 14. रात्रपाळीला माणसं कमीच लावतात, तेव्हा रात्री 3 जणी. एकीकडे 20 पेशंट. आणि सरकारी हॉस्पिटलात जमिनीवर गाद्या टाकलेल्या तुम्ही पाहिल्याच असतील. पदं मंजूर होतात खाटांवर, गादी त्या हिशोबात येत नाही. 60 खाटांच्या वॉर्डात 90 पेशंट असले तर रात्री एकीकडे 30. निकष 9 चा, हातात 30.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे लोड वाढला की जादा सर्व्हर आपोआप सुरू होतो. वॉर्डात लोड वाढला की तीच सिस्टर जास्त जोरात धावते. मग काहीतरी सुटतं. दर चार तासांनी बघायचं बीपी सहा तासांनी बघितलं जातं. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कूस बदलून द्यायची राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशंट हळूहळू खालावतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमचा सर्व्हर पडला की मोबाईलवर अलर्ट येतो. जनरल वॉर्डात अलर्ट म्हणजे सिस्टरची नजर.

याने खरंच जीव जातात का?

2002 मध्ये लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचं बघितलं तर नर्समागे एकेक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली.

आपल्याकडचं बघा. ऑगस्ट 2023 मध्ये दिघ्यापलीकडे कळव्याच्या हॉस्पिटलात एका दिवसात 18 मृत्यू झाले. दोनच महिन्यांत नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये 24 तासांत 24, त्यात 12 नवजात बाळं. उच्च न्यायालयाने नांदेडची स्वतःहून दखल घेतली. कारणं अनेक होती, सगळं नर्सेसच्या संख्येवर ढकलता येणार नाही. पण अपुरं मनुष्यबळ हा मुद्दा चर्चेत पुन्हा पुन्हा आला.

आणि काही घडलं की कारवाई कुणावर होते? नोव्हेंबर 2021 मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागून 11 पेशंट गेले. नंतर अटक झाली एका डॉक्टरला आणि तीन नर्सेसना.

मग संघटना कशाला?

कारण एकटी नर्स ‘मी 30 पेशंट घेणार नाही’ असं म्हणू शकत नाही. तिने नकार दिला तर त्या 30 जणांना बघणारं कुणीच नाही. कंत्राटावरच्या नर्सला तर कंत्राट वाढेल की नाही याचीच धास्ती. म्हणून कायम पदांची मागणी नोकरीच्या सुरक्षिततेइतकीच पेशंटच्या सुरक्षिततेची आहे. ‘इथे माणसं कमी आहेत’ हे न घाबरता सांगणारं कुणीतरी वॉर्डात हवं.

बाहेर हे जमलंय. कॅलिफोर्नियात नर्सेसच्या युनियनने वर्षानुवर्षं रेटा लावला, 1999 मध्ये कायदा झाला आणि 2004 पासून लागू झाला. तिथे साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आज एका नर्सकडे जास्तीत जास्त 5 पेशंट. हा 5 त्या क्षणाचा आकडा आहे, जेवणाच्या सुट्टीतही पाळायचा. आपल्या ‘एकास तीन’शी तुलना करताना हे विसरू नका. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या नर्सेसनी 2000 मध्ये असंच प्रमाण मिळवलं आणि 2015 मध्ये त्याचा कायदा झाला.

संपात पेशंटचे हाल होतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण संप नसलेल्या रात्री 30 पेशंटमागे एक सिस्टर असते, त्या हालांची बातमी होत नाही.

आपण काय करू शकतो? 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो, उत्तर 30 दिवसांत यायला हवं. वाशीच्या महापालिका रुग्णालयाबद्दल दोन प्रश्न विचारा: नर्सेसची मंजूर पदं किती, भरलेली किती? आणि घरचं कुणी ॲडमिट असेल तर सिस्टरवर चिडण्याआधी विचारा, ‘सिस्टर, आज तुमच्याकडे पेशंट किती?’

अर्ज केलात तर उत्तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!