लिनक्समध्ये एनव्हिडिया कार्ड चालत नाही? सिक्युअर बूट बंद करण्याआधी हे वाचा

अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डे असतात: बॅटरी वाचवणारे इंटेलचे आणि जड कामांसाठी एनव्हिडियाचे. उबुंटूमध्ये ड्रायव्हर टाकूनही एनव्हिडिया कार्ड चालत नसेल, तर अडसर ‘सिक्युअर बूट’चा असू शकतो. फर्मवेअरमधील ही सुरक्षा सुरू असताना ओळखीची डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर लोड होत नाही.

उपाय काय? ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते. रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन दिसते. तिथे 10 सेकंदांत कोणतेही बटण दाबा, ‘एनरोल मॉक’ निवडा आणि तोच पासवर्ड टाका. ही स्क्रीन हुकली, की ड्रायव्हर असूनही उपयोग नाही.

थेट सिक्युअर बूटच बंद केल्यास विंडोजचे बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसेल तर फाइल्स अडकतील. त्यामुळे आधी की जपून ठेवा.