मोजून झाल्यावर

घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा त्या कागदामागे बऱ्याचदा नव्वद वर्षांपूर्वीचं धारवाडकडचं काम उभं असतं. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने चाचणी नव्याने बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली ऑक्सफर्डने छापलं. 'बिने-कामत' या नावाने ती चाचणी आजही देशभरातल्या रुग्णालयांत आणि विशेष शाळांत वापरली जाते. तिच्या जोडीला असतात त्या नागपूरच्या दोन कसोट्या. वेक्सलर यांची मुलांसाठीची बुद्धिमापन कसोटी आणि व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी या दोन्हींचं भारतीय रूप डॉ. ए. जे. मॅलिन यांनी नागपुरात तयार केलं. मूल मोजण्याची देशातली तीन महत्त्वाची साधनं अशी मराठी मुलखात किंवा त्याच्या सीमेवर घडली आहेत. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण मोजून झाल्यावर त्या मुलाशेजारी रोज कोण बसतं, हे विचारलं की अभिमान जरा आवरता घ्यावा लागतो.

आल्फ्रेड बिनेलाही हाच प्रश्न पडला होता. १९०५ साली पॅरिसमध्ये त्याने आणि थिओडोर सिमोनने चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा मदत देता यावी म्हणून. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि कधी बदलत नाही, हे त्याला मान्य नव्हतं. १९११ मध्ये तो गेला. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी स्टॅनफर्ड-बिने आवृत्ती आणली आणि बुद्ध्यंकाचं युग सुरू झालं. गणित सोपं आहे. मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. आठ वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलाइतकीच उत्तरं देत असेल तर बुद्ध्यंक ७५. सत्तरच्या खाली गेलं आणि रोजच्या व्यवहारातही अडचण दिसली, तर बौद्धिक अक्षमता.

या आकड्याला दोन्हीकडून गळती आहे. जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं की विसाव्या शतकात अनेक देशांतले चाचणीगुण दर दशकाला सरासरी तीनेक अंकांनी वाढत गेले. त्यामुळे जुन्या मानकांवर आजचं मूल मोजलं की आकडा फुगतो आणि खरी गरज असलेलं मूल सत्तरच्या वर राहून सवलतीला मुकतं. उलट, ज्या घरात पुस्तक नाही, चित्रांचं कोडं कधी पाहिलेलं नाही, तिथलं चलाख पोरही परक्या माणसासमोर टेबलाशी बसवलं की गप्प होतं. १९३१-३२ मध्ये मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना तर्काची कोडी घालायला गेले. बर्फाळ उत्तरेत सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव उत्तरेत आहे, तर तिथलं अस्वल कोणत्या रंगाचं? लोक म्हणाले, आम्ही तिकडे गेलो नाही, आम्हाला काय माहीत! कुंभार पिंपळगावच्या पारावर बसलेला म्हातारा वेगळं काय सांगेल? शाळेच्या खेळाचा नियम ज्याला कोणी सांगितलेला नाही, त्याला मंद ठरवणं सोपं असतं.

विकासात्मक विकार म्हणजे मेंदूच्या घडणीच्या काळातच सुरू होणारे फरक. त्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता येतात. मेंदूचा पक्षाघातही याच घरातला. हे वेड नव्हे. मधेच आलेला आणि औषधाने जाणारा आजारही नव्हे. गावात मात्र 'खुळं', 'येडं', 'डोक्यानं कमी' असं सगळं एकाच पोत्यात भरलं जातं, आणि सरकारी यंत्रणाही फार वेगळं वागत नाही. मराठवाड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय नव्हतं. घनसावंगीचे तेव्हाचे आमदार राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यात त्याला मंजुरी मिळाली, तेव्हा आनंद होणं साहजिक होतं. तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी ते हवंच. पण दोन वर्षांचं न बोलणारं मूल मनोरुग्णालयात न्यायचं नसतं. त्याला वाचा-उपचार करणारी, हातापायांना वळण लावणारी, खेळवून शिकवणारी माणसं लागतात, आणि ती एस.टी.च्या एका तिकिटाच्या अंतरावर लागतात.

घनसावंगी तालुक्यातल्याच जांबमध्ये १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. अंधाऱ्या खोलीत एकटाच बसून विश्वाची चिंता करणाऱ्या नारायणाची गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. हल्ली मोठ्या माणसांना मेल्यानंतर निदान चिकटवण्याची फॅशन आहे. न्यूटन स्वमग्न होता, अमका अतिचंचल होता. समर्थांच्या बाबतीत तरी तो मोह कोणी धरू नये. निदान जिवंत माणसाचं, प्रत्यक्ष पाहून आणि त्याला मदत करायची असेल तरच करावं.

सिद्धान्तांच्या इतिहासात सर्वांत क्रूर प्रकरण स्वमग्नतेचं आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं; एकटेपणा, सगळं जसंच्या तसं राहावं हा आग्रह, भाषेचा विचित्र वापर. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्परगर यांनी मिळतीजुळती मुलं नोंदवली. इथवर निरीक्षण होतं. मग मनोविश्लेषणाचा दबदबा आला आणि कारण सापडलं: आई! आई थंड, प्रेमहीन, म्हणून मूल आत वळतं. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि एक अख्खी पिढी आयांनी अपराधी वाटून घेण्यात काढली. ज्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता त्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच हा मेंदूचा प्रश्न असल्याचं मांडलं होतं. ते मान्य व्हायला वेळ लागला. १९९८ साली लॅन्सेटमध्ये वेकफील्ड यांचा लेख आला आणि दोष लसीवर गेला. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला, पण संशय काही मागे घेतला गेला नाही.

आपल्याकडे बेटलहाइम कोणी वाचलेला नाही, तरी त्याचा सिद्धान्त घराघरात आहे. ग्रहणात भाजी चिरली, बाळाला बाहेरचं लागलं, आणि आता ताजं कारण म्हणजे आईनं मोबाईल दिला. सासू, शेजारीण आणि क्वचित डॉक्टरही हे म्हणतात. तासन्‌तास पडद्यासमोर बसवलेल्या मुलाशी बोलणं कमी होतं आणि भाषा मागे पडते, हे खरं. पण मोबाईलमुळे स्वमग्नता येत नाही. तिचं मूळ मुख्यतः आनुवंशिकतेत आणि मेंदूच्या घडणीत आहे. दोष देण्यात जे सहा महिने जातात ते मुलाच्या वयातले सगळ्यात मोलाचे असतात. लहान वयात मेंदू जितका वळतो तितका पुढे वळत नाही.

आता शिक्षकांचं. महाराष्ट्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेत बालमानसशास्त्राला ३० गुण आहेत. त्यामुळे पियाजेच्या चार अवस्था राज्यातल्या प्रत्येक होतकरू गुरुजीला पाठ असतात. पियाजे आणि व्हिगॉट्स्की दोघेही १८९६ साली जन्मलेले. पियाजेने मूल एकटं जगाशी झटापट करून कसं शिकतं ते पाहिलं. व्हिगॉट्स्की अवघ्या ३७ वर्षांचं आयुष्य घेऊन आला, पण त्याने विचारलेला प्रश्न आपल्या जास्त कामाचा आहे: मूल एकट्याने काय करू शकतं हे सोडा, कोणाच्या मदतीने काय करू शकतं? दोन मुलांचा बुद्ध्यंक सारखाच निघेल. पण थोडा हात दिल्यावर एक दोन पायऱ्या चढेल, दुसरं चार. प्रमाणपत्रावर हा फरक कुठेही दिसत नाही. वर्गात मात्र तोच सगळं काही असतो.

व्हिगॉट्स्कीचं नाव न घेता हे काम मराठी माणसांनी करून दाखवलेलं आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर शिकल्या, शिकवलं आणि १९४५ साली बोर्डीला आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांच्या अंगणातच बालवाडी भरवली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शाळेने मुलाकडे जायचं, हा त्यांचा मानसशास्त्रीय सिद्धान्त. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं वापरली. आजच्या अंगणवाडीचा वंश तिथे सापडतो, आणि कोणत्याही उपचारकेंद्राच्या आधी मूल याच अंगणवाडीच्या सेविकेसमोर येतं.

प्रश्न किती मोठा आहे? देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या जवळपास चार हजार मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर गोवा होतं, महाराष्ट्रातलं एकही ठिकाण नव्हतं. साधारण आठातल्या एका मुलात मेंदूविकासाचा एखादा तरी विकार आढळला. श्रवणदोष आणि फेफरं त्यात धरलेलं आहे. धोक्याची कारणं वाचली की हा विषय शहरी नवलाईचा राहत नाही: घरी झालेलं बाळंतपण, जन्मल्यावर उशिरा रडणं, कमी वजन, अपुऱ्या दिवसांचं बाळ, मेंदूचा संसर्ग, खुंटलेली वाढ. यातली बरीच टाळता येणारी आहेत. प्रसूतिकक्षात बाळाला वेळेवर श्वास देणारी एक सराईत परिचारिका पुढची कितीतरी प्रमाणपत्रं वाचवते.

तपासणीची योजनाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झाला, म्हणजे कोसबाडच्याच मुलखातून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तीस आजार-व्यंगांची तपासणी. तालुक्याला फिरतं पथक, त्यात दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. कागदावर रचना उत्तम आहे. पण पथक अंगणवाडीत पोहोचतं तेव्हा मूल गावात असतं का?

घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्ही पोरं सोबत जातात आणि फडात पाचटावर झोपतात. जरा मोठी आजीकडे राहतात. चार-पाच महिने हे मूल कोणत्याच अंगणवाडीच्या हजेरीपटावर खरं नसतं. गावची सेविका 'स्थलांतरित' लिहिते आणि कारखान्याकडची सेविका त्याला आपलं मानत नाही. जे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, ते कोपीत कोणाच्या लक्षात येणार? पहाटे तीनला मोळ्या बांधायला निघालेल्या आईला 'तुम्ही त्याच्याशी बोलत चला' असा सल्ला देणं हा चेष्टेचाच प्रकार. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेच्या पहिल्या टप्प्यात घनसावंगी आणि अंबडचा समावेश झाला, हे चांगलंच झालं. मात्र वसतिगृह शाळकरी मुलांचं आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल त्यात बसत नाही, आणि विकासाचा प्रश्न तिथेच सुरू होतो. स्थलांतराआधी भाद्रपद-आश्विनात एक तपासणी आणि मुलासोबत जाणारं एक कार्ड, एवढं तरी जिल्हा परिषदेला करता यावं. त्याला नवा कायदा लागत नाही.

अध्ययन अक्षमतेची गोष्ट निराळी, कारण इथे महाराष्ट्र खरोखर पुढे होता. दहावीला जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांत सूट, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित अशा सवलती राज्याने १९९६ पासून दिल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. २००७ मध्ये 'तारे ज़मीन पर'ने बाकीचं काम केलं. तरीही सवलतींचा फायदा मुख्यतः मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांना झाला, असं माझं मत आहे. मराठीत अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात, म्हणून मूल चुकीचं वाचत नाही, हळू वाचतं; जोडाक्षरांपाशी अडतं आणि वाक्य संपेस्तोवर अर्थ निसटतो. मास्तर म्हणतात, 'लक्ष नाही, आळशी आहे.' मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' ही चाचणी मराठीतही तयार केली आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत जायला हवी.

मुलं मोठी होतात, ही बाब आपल्या धोरणांना पुरेशी पटलेली नाही. 'चौकट राजा'तला नंदू आठवा. १९९१ चा तो चित्रपट. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला हा प्रौढ माणूस पाहून महाराष्ट्र रडला, पण अशा माणसाने दिवसभर काय करायचं हा प्रश्न चित्रपटाबाहेर तसाच राहिला. अठरा पूर्ण झाली की बालस्वास्थ्याचं पथक संपतं. गावचा सल्ला ठरलेला असतो: 'लग्न लावून द्या, सुधारेल.' सुधारत काही नाही, एका परक्या मुलीचं आयुष्य मात्र त्यात गुंतवलं जातं. सौम्य विकार असलेली माणसं तर कधी नोंदलीच जात नाहीत. सातवीत शाळा सोडून गॅरेजमध्ये इंजिन उलगडणारा, हिशेबाची वही मात्र दुसऱ्याकडून लिहून घेणारा. एक काम हातात घेऊन तिसरंच करणारा. अतिचंचलतेचा आनुवंशिक वाटा मोठा आहे, त्यामुळे मुलाच्या तपासणीत बापच म्हणतो, 'मीबी असाच होतो.' पन्नास वर्षांपूर्वी असं मूल मोठेपणी आपोआप निवळतं असं मानत. २०१३ च्या अमेरिकी निदान-नियमावलीत प्रौढांसाठी वेगळा निकष आला.

१९९५ च्या कायद्यात सात दिव्यांगत्वं होती; २०१६ च्या कायद्यात एकवीस झाली, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. त्याहून दुर्लक्षित आहे तो १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला अठरानंतर कायदेशीर पालक लागतो. आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. तो नेमते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविमा आहे. 'आमच्या माघारी याचं काय' म्हणून झोप उडालेल्या अनेक घरांत ही दोन नावं पोहोचलेली नाहीत.

तेव्हा हा अंक हातात असलेल्या घनसावंगी, तीर्थपुरी, राणीउंचेगावच्या वाचकांना एक विनंती. बाळ वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही मागत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या. अंगणवाडी सेविकेला सांगून बालस्वास्थ्य पथकाकडे नाव लावा, आणि जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन त्वरित हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. तुमचं मन थकलं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. टोळी निघायच्या आत एवढं करा.