अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि कायद्याची मोजपट्टी

‘अतिप्रक्रियायुक्त अन्न’ ही संज्ञा रूढ झाली ती ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो यांच्यामुळे. त्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या विचारातून ‘नोव्हा’ ही चार गटांची वर्गवारी आकाराला आली. पदार्थात साखर-मीठ किती, यापेक्षा तो बनला कसा, हे ती पाहते. शीतपेये, इन्स्टंट नूडल्स, क्रीमची बिस्किटे चौथ्या गटात जातात. माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद असे घरच्या फडताळात कधीच नसणारे घटक ही त्यांची खूण. त्यामुळे घरी खवा मळून केलेला, पाकात मुरलेला गुलाबजाम या गटातून सुटतो आणि इमल्सिफायर घातलेला गव्हाचा ब्रेड सापडतो!

कायदा करणाऱ्यांची अडचण इथेच आहे. तयार मालाची तपासणी करून साखर आणि सोडियम मोजता येतात. प्रक्रिया कशी मोजणार?

चिलीने त्या वादात न पडता मोजता येईल तेवढेच धरले. जून २०१६ पासून तिथे साखर, सोडियम, संपृक्त चरबी किंवा उष्मांक मर्यादेपलीकडे असतील, तर पाकिटाच्या दर्शनी बाजूवर काळा अष्टकोन छापावा लागतो. एकाच पाकिटावर असे चार अष्टकोनही येऊ शकतात. असा शिक्का बसलेल्या सीरियलच्या खोक्यांवरून कार्टूनमधले वाघ-ससे हटले, शाळेत या मालाची विक्रीही थांबली. कंपन्यांनी मग साखर काढून कृत्रिम गोडी घातली. शिक्का गेला, प्रक्रिया मात्र होती तिथेच राहिली. मेक्सिकोने २०२० च्या लेबलांत ही पळवाट ओळखून कृत्रिम गोडीसाठीही वेगळा इशारा सक्तीचा केला.

कोलंबियाने नोव्हेंबर २०२३ पासून कर लावला: आधी १० टक्के, २०२५ मध्ये २०. कायद्यात ‘अतिप्रक्रियायुक्त’ हा शब्द आहे, तरी करासाठी साखर, मीठ वा चरबीची मर्यादाही ओलांडावी लागते. दूध-साखर आटवून केलेले आरेकीपे मात्र वगळले गेले. लोकांच्या आवडीच्या पदार्थाला हात लावणे कोणत्याच सरकारला सोपे नसते. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये शालेय जेवणासाठी व्याख्या केली, तीही ठरावीक मिश्रके आणि पोषणाच्या मर्यादा यांची सांगड घालूनच.

भारतात २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. म्हणजे इथेही कसोटी घटकांची आहे, प्रक्रियेची नव्हे.