तीन कुलपांची पेटी

आफ्रिका खंडात नायजर नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेला सहाराचे वाळवंट पसरले आहे. दक्षिणेला माराडी नावाचा मुलूख आहे. तिथे वर्षातून तीन-चार महिनेच पाऊस पडतो. तेवढ्या पावसावर लोक बाजरी, ज्वारी, चवळी आणि भुईमूग पिकवतात. पाऊस दगा देतो, त्या वर्षी सुगीच्या आधीच कणग्या रिकाम्या होतात. पुष्कळ पुरुष पोट भरायला परमुलखात जातात. मागे घर, पोरे आणि शेरडे-करडे बायांनीच सांभाळायची.

अशा घरात पोर तापाने फणफणले तर काय करायचे? दवाखान्याला पैसे लागतात. पोराला शाळेत घालायचे तरी वह्या लागतात. बँक लांब, आणि गरिबाच्या चिल्लर पैशाला तिथे कोण विचारतो? मग शेळी विकायची, नाहीतर मिळेल त्या व्याजाने कर्ज काढायचे.

तुम्ही म्हणाल, भिशी का लावत नाहीत? तिकडेही भिशी आहे. तिला ‘तोंतीन’ म्हणतात. पण भिशीचा नंबर लागेल तेव्हा लागेल. पोराचा ताप काही नंबराची वाट पाहत नाही.

1991 साली केअर नावाच्या सेवाभावी संस्थेने माराडीत एक काम सुरू केले. संस्थेने बायांना पैसे वाटले नाहीत. कर्जही दिले नाही. तिने एक रीत शिकवली. त्या कामाचे नाव ‘माता मासू दुबारा’. तिथल्या हौसा भाषेत ‘माता’ म्हणजे बाया. साऱ्या नावाचा अर्थ झाला, हिकमती बाया.

आता ही रीत कशी आहे ते पाहू. एकमेकींना ओळखणाऱ्या पंधरा ते तीस बाया एकत्र येतात. दर आठवड्याला ठरल्या वारी बैठक भरते. मधोमध एक पेटी ठेवतात. पेटीला तीन कुलपे असतात. तीन किल्ल्या तीन बायांकडे असतात आणि पेटी चौथीच्या घरी असते. तिघी आल्याशिवाय पेटी उघडतच नाही. पैसे सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजतात. कुणी किती टाकले, कुणी किती नेले, हे सगळ्या जणी ऐकतात.

सुरुवातीच्या बहुतेक बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून हिशेब तोंडी ठेवत. प्रत्येकीने आकडा ध्यानात ठेवायचा. पुढे इतर देशांत ही रीत गेली, तेव्हा पुष्कळ गटांत लहान पुस्तके आली. जितके भाग घेतले तितके शिक्के पुस्तकात मारायचे. शिक्के मोजता आले की आपला पैसा आपल्याला कळतो.

जमलेल्या पैशातून गटातल्याच बायांना कर्ज मिळते. कुणी भुईमूग आणून तेल काढते आणि विकते. कुणी बाजारात तळलेले पदार्थ विकते. कुणी मेंढरू घेऊन पोसते. कर्ज साधारण तीन महिन्यांच्या आत फेडायचे. व्याज गट स्वतः ठरवतो. पुष्कळ ठिकाणी ते महिन्याला शेकडा पाच ते दहा असते. “हे तर सावकारी व्याज झाले!” असे तुम्ही म्हणाल. दर चढा आहे, हे खरे. पण सावकाराचे व्याज सावकाराच्या घरी जाते. हे व्याज पेटीत पडते. साधारण वर्षाने पेटी मोकळी करतात. जिची जेवढी बचत, तेवढा तिला व्याजातला वाटा मिळतो. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पेटीत आणखी एक छोटी पुरचुंडी वेगळी असते. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू अशा अडचणीला त्यातून मदत देतात. त्यावर व्याज नसते.

संस्थेची शिकवणारी बाई काही महिने बैठकींना येते. मग येणे थांबवते. गट आपला आपण चालतो. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत लाखो बाया या रीतीने बचत करतात. आपल्याकडच्या बचत गटांशी तिचे पुष्कळ साम्य आहे. फरक हा की आपले गट बहुधा बँकेशी जोडलेले असतात. तिकडे पुष्कळ गावांत पेटी हीच बँक.

पण पेटीने सारे काही होते, असे समजू नका. घाना, मलावी आणि युगांडा या देशांत अशा गटांची मोठी पाहणी झाली. ती 2017 साली छापून आली. बायांची बचत वाढली, त्यांचे छोटे धंदे सुधारले, घरात त्यांच्या शब्दाला वजन आले, असे तीत दिसले. पण घरचे खाणेपिणे, खर्चवेच सरासरीने वाढल्याचे काही दिसले नाही. ते खरेच आहे. पेटी औषधाचे पैसे देईल, पण गावात दवाखाना नसेल तर ते पैसे घेऊन जायचे कुठे? वह्या येतील, पण शिकवायला मास्तर हवा. दवाखाना आणि शाळा सरकारने आणि संस्थांनीच उभारली पाहिजेत.

मात्र पोर आजारी पडले त्या रात्री शेळी विकायला धावावे लागू नये, एवढे ही पेटी करते. तीन कुलपे चोराला अडवतात, आणि गटातल्या मोहालाही. हिशेब उघड्यावर असला की कुणाच्या मनात संशय राहत नाही. तुमच्या गावात गट असेल, तर पुढच्या बैठकीला हिशेबाची वही मागून घ्या. आता तुम्हाला वाचता येते. आपल्या नावापुढचा आकडा आपणच वाचून पाहा.