रझांच्या काळ्या बिंदूत जंगल कुठून आलं?

२०२३ मध्ये मुंबईतल्या एका लिलावात सय्यद हैदर रझा यांचं 'जेस्टेशन' हे चित्र ५१ कोटी ७५ लाखांना विकलं गेलं. रझा म्हटलं की आठवतो तो त्यांचा काळा बिंदू. आणि अशी बातमी आली की खाली एक कमेंट हमखास येते: 'असा गोल तर आमचा बंड्यापण काढेल!'

गंमत म्हणजे रझांची सुरुवात गोलापासून झालीच नव्हती. ते निसर्गचित्रं काढायचे, तीही समोर दिसेल तशी.

जन्म १९२२ चा, आजच्या मध्य प्रदेशातल्या बाबरिया गावातला. वडील वनखात्यात, त्यामुळे लहानपण नर्मदेच्या खोऱ्यातल्या जंगलात गेलं. चित्रकला शिकले आधी नागपुरात, मग मुंबईच्या जे. जे.मध्ये. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, रझा इथेच राहिले. १९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रं काढायला गेले. तिथे भेटलेले फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ म्हणाले की चित्रं चांगली आहेत, पण त्यांत बांधणी कमी आहे; सेझानची चित्रं बघ.

सेझान डोंगर आणि घरं हुबेहूब काढत नसे, आकार एकमेकांवर रचत असे. १९५० मध्ये रझा फ्रान्सला पोहोचले आणि तिथल्या खेड्यातली घरं तशीच रचू लागले. १९५६ मध्ये फ्रान्सचा मानाचा समीक्षक पुरस्कारही मिळाला.

मग अडलं कुठे? नाव झालं, पण यात आपलं काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला. घरं हळूहळू चित्रातून विरघळली आणि आठवणीतलं जंगल वर आलं.

डोळ्यांसमोर बघून काढताना फांदी न् फांदी दिसते. तीस वर्षांनी आठवून काढताना फांद्या गळून पडतात. रझांकडे उरली होती रात्रीच्या जंगलाची भीती आणि उजाडल्यावर बाजाराच्या दिवशी फुललेले रंग. १९७२ चं 'तपोवन' बघा. झाड म्हणून बोट ठेवावं असं त्यात काही नाही, तरी ते जंगलच आहे.

बिंदूही आठवणीतूनच आला. चुळबुळ्या रझांचं मन एकाग्र व्हावं म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं. १९८० च्या सुमारास तो ठिपका कॅनव्हासच्या मध्यभागी आला. काळा रंग म्हणजे सगळ्याची सुरुवात, बी. आणि भोवतीचे रंग म्हणजे पंचतत्त्वं. थोडक्यात, माती, पाणी, आकाश सगळं तिथेच आहे, फक्त देखावा नाही. (शेवटच्या वर्षांतले काही बिंदू मला तरी एकमेकांच्या झेरॉक्ससारखे वाटतात, हेही सांगून टाकते.)

साठ वर्षं फ्रान्समध्ये काढून रझा भारतात परतले. २०१६ मध्ये दिल्लीत वारले. दफन मात्र मंडला इथे झालं, वडिलांच्या कबरीशेजारी.