पॅराशूटमधून बोललेलं इतक्या लांब कसं ऐकू जातं?

पनवेल : शिरढोणात घरात रेंज गेली की माणूस गच्चीवर चढतो. हॅम रेडिओवाल्यांचंही तसंच. काही हौशी तर पॅराशूटने उतरताना बोलतात. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ जातात, डोंगर आला की अडतात. जमिनीवर पाच-दहा किलोमीटरवर दमणारा हातातला सेट 3000 मीटरवरून 200 किलोमीटरपर्यंत पोचू शकतो. मात्र उडी मारल्या मारल्या वाऱ्यापुढे काहीच ऐकू येत नाही. छत्री उघडल्यावर मिळतात ती चार-पाच मिनिटं.

आपल्याला उडीची गरज नाही, समोर कर्नाळा आहे! 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात मोबाईल बंद पडले होते. बॅटरीवरचा हा सेट टॉवरशिवाय चालतो. त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. विनापरवाना बोलणं गुन्हा आहे.